क्रुगरमध्ये आठ जणांचा तंबूमुक्काम : मार्ग, वाहने आणि हंगाम यांविषयी सल्ला हवा

अजिंक्यतारा, सातारा

नमस्कार. साताऱ्यातील पाच आणि सांगलीतील तीन असे आम्ही आठ जण पुढील उन्हाळी सुट्टीत दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत आणि तंबूत मुक्काम करत फिरण्याचा बेत आखत आहोत. गटात दोन शिक्षक असल्यामुळे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचाच काळ मोकळा आहे. सर्वांत वडील सदस्य ६६ वर्षांचे असून त्यांचे गुडघे कुरकुरतात, सर्वांत धाकटी मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि चौघे कटाक्षाने शाकाहारी आहेत. बामणोलीच्या बाजूला कोयनेच्या काठी तंबूत राहण्याची आम्हाला सवय आहे. परंतु कुंपणापलीकडे तरस फिरत असताना स्वयंपाक करण्याचा प्रसंग आमच्यापैकी कोणावरही आलेला नाही.

कच्चा आराखडा असा आहे : सकाळी जोहान्सबर्गला उतरायचे, छतावर तंबू बसवलेल्या दोन डबल कॅब गाड्या (चार दारांचे, मागे हौदा असलेले पिकअप) भाड्याने घ्यायच्या, त्याच संध्याकाळी दक्षिणेच्या मलेलेन द्वारातून आत शिरायचे आणि तेथून थेट उत्तरेच्या पुंडा मारियापर्यंत रोज नव्या कॅम्पमध्ये मुक्काम करत जायचे. उद्यानात आठ रात्री मिळतील. हा क्रम जमण्यासारखा आहे का, छतावरचे तंबू बरे की जमिनीवरचे, आणि हिवतापाच्या दृष्टीने कोणती तयारी करावी, हे जाणकारांनी सांगावे. उद्यानाच्या मध्यभागी सातारा नावाचाच कॅम्प आहे हे नकाशावर दिसल्यापासून तेथे राहायचेच असे ठरले आहे, तेव्हा तेवढ्या हट्टाला कृपया कोणी हात लावू नये.

कृष्णाकाठ, कराड

नोकरीनिमित्त काही वर्षे प्रिटोरियात राहिल्यामुळे क्रुगरला वरचेवर जाणे झाले, त्या अनुभवावरून लिहितो. आपला हट्ट योग्यच आहे, कारण सातारा कॅम्पच्या भोवतालचा सपाट गवताळ प्रदेश सिंहांसाठी संपूर्ण उद्यानात प्रसिद्ध आहे. बाकीचा आराखडा मात्र मुळातून बदलावा असे मला वाटते.

आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे, तर क्रुगरचे जवळजवळ १९,५०० चौरस किलोमीटर. दक्षिणोत्तर लांबी सुमारे ३६० किलोमीटर, म्हणजे सांगलीहून मुंबईला जाण्याइतकी. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. प्राणी पाहत, थांबत गेल्यास ताशी वीस-पंचवीस किलोमीटरपेक्षा अधिक अंतर कापले जात नाही आणि कापूही नये. दक्षिण भागातील लोअर साबी कॅम्प ते सातारा हे सुमारे ९३ किलोमीटरचे अंतर नकाशावर दोन तासांचे दिसते, पण त्यात सकाळची संपूर्ण वेळ जाते. त्यातच मे ते जुलै या तेथील हिवाळ्याच्या महिन्यांत कॅम्पची दारे सकाळी ६ वाजता उघडतात आणि संध्याकाळी ५.३० वाजता बंद होतात. उशीर झाल्यास दंड होतो, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे शेवटचा तासभर घड्याळाकडे पाहत गाडी पळवावी लागते. रोज कॅम्प बदलणाऱ्या गटाला हे दररोज भोगावे लागते.

म्हणून माझा आग्रह असा की उत्तर भाग या खेपेस सोडून द्यावा. उत्तरेकडे मोपानीची झाडी दाट आहे आणि दक्षिणेच्या व मध्य भागाच्या तुलनेत प्राणी विरळ दिसतात. पक्षी पाहणाऱ्यांना ती बाजू फार आवडते, पण प्रथमच जाणाऱ्या गटाने तिच्यासाठी दोन-तीन दिवस खर्च करू नयेत. दक्षिणेच्या क्रोकोडाइल ब्रिज द्वारातून आत जावे, ३५ किलोमीटरवरील लोअर साबीला तीन रात्री राहावे, मग त्शोक्वाने येथील विश्रांतिस्थळावर न्याहारी करून सातारा गाठावा आणि तेथे चार रात्री काढाव्यात. त्यानंतर ४८ किलोमीटरवरील ओरपेन द्वारातून बाहेर पडता येते. साताऱ्याहून न्वानेत्सी नदीच्या कडेने जाणारा एस-१०० हा कच्चा रस्ता पहाटे दार उघडताच धरावा. त्याच रस्त्यावर दोन-तीनदा जाण्यात कमीपणा मानू नये, कारण काल रिकामा असलेला पाणवठा आज प्राण्यांनी भरलेला असतो.

जोहान्सबर्गला उतरल्याच्या दिवशी आत शिरण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. गाडी ताब्यात घेणे, सामान तपासणे, किराणा भरणे यात दुपार होते, पुढे सुमारे चारशे किलोमीटरचा एन-४ महामार्ग असतो, आणि रात्रभर विमानात जागलेला चालक साडेपाचच्या आत पोहोचण्यासाठी धावत असतो. ती रात्र वाटेत म्बोम्बेला या शहरात काढावी. आपल्या आठ रात्रींपैकी एक तेथे गेली, तरी सात पुरेशा आहेत.

डोंगरवाट, सांगली

वरील मताशी सहमत आहे. वाहने आणि तंबू यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण छतावरच्या तंबूंची छायाचित्रे पाहून बहुतेक गट त्यातच अडकतात.

छतावरचा तंबू रोज पुढे सरकणाऱ्या प्रवाशासाठी सोयीचा असतो. एकाच कॅम्पमध्ये चार रात्री राहून रोज पहाटे प्राणी पाहायला निघायचे असेल, तर गाडी हलवण्यापूर्वी प्रत्येक वेळी तंबू गुंडाळावा लागतो. अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटांनी दोन गाड्यांवरचे चार तंबू बंद करेपर्यंत सहा वाजून जातात आणि दारापाशी रांगेत पुढे असलेल्यांना दिसलेला बिबट्या आपल्याला दिसत नाही. शिवाय ६६ वर्षांच्या गृहस्थांनी रात्री शिडीवरून उतरून स्वच्छतागृहाकडे जाणे मला सुरक्षित वाटत नाही. जमिनीवरचे तंबू भाड्याने मिळतात आणि ते दिवसभर उभे ठेवता येतात. वडील सदस्यांसाठी त्याच कॅम्पमधील एक खोली घ्यावी. सातारा आणि लोअर साबी या दोन्ही ठिकाणी अशी सोय आहे, आणि सर्व जण एकाच कुंपणाच्या आत राहतात.

तंबूच्या एका जागेवर जास्तीत जास्त सहा जणांना परवानगी असते, त्यामुळे आपल्याला प्रत्येक कॅम्पमध्ये दोन जागा घ्याव्या लागतील. बहुतेक ठिकाणी जागांना क्रमांक देऊन वाटप केलेले नसते आणि आधी येणारा पसंतीची जागा घेतो, म्हणून मुक्काम बदलण्याच्या दिवशी दुपारीच पोहोचावे. उद्यानाचे आरक्षण ११ महिने आधी खुले होते. लोअर साबी आणि सातारा हे लवकर भरणारे कॅम्प आहेत. जूनच्या उत्तरार्धात तेथील शाळांना सुट्ट्या लागतात, तेव्हा मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा गाठता आला तर उत्तम.

क्रुगरमध्ये चारही चाकांना शक्ती देणारी गाडी लागत नाही. साधी मोटारही चालते. तरीही उंच गाडी घ्यावी, कारण तेथील पावसाळा संपून फार दिवस झालेले नसल्यामुळे मेअखेर गवत अजून उंच असते. एका मोठ्या बसऐवजी दोन गाड्या घेण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. प्रत्येकीत चौघे बसले की सर्वांना खिडकी मिळते, आणि ज्यांना गरुडाकडे अर्धा तास पाहायचे आहे त्यांच्यामुळे सिंहासाठी आसुसलेल्यांचा चेहरा पडत नाही. दोन्ही गाड्यांनी दुपारी कुठे भेटायचे हे सकाळीच ठरवावे, कारण कॅम्पबाहेर मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही.

एक गोष्ट मात्र सर्व चालकांना बजावून सांगावी. दोन्ही गाड्या एकत्र असताना मागच्या गाडीने पुढच्या गाडीला खेटून उभे राहू नये. समोरून हत्ती आला, विशेषतः माजावर आलेला नर, तर सुटकेचा मार्ग मागे असतो, आणि तो आपल्याच मित्रांनी अडवलेला असणे फार महागात पडू शकते. कळप रस्ता ओलांडत असताना मधल्या फटीतून गाडी काढण्याचा मोह टाळावा.

परवान्याचे म्हणाल तर तेथेही आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने वाहने चालतात. इंग्रजीत छापलेला मूळ परवाना आणि आरटीओकडून मिळणारा, एक वर्ष चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना असे दोन्ही सोबत ठेवावेत. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव भाडेकरारात घालून घ्यावे. अनामत रक्कम सामान्यतः मुख्य चालकाच्या नावावरील क्रेडिट कार्डावरच अडकवली जाते, म्हणून ज्याच्या कार्डाची मर्यादा मोठी तोच मुख्य चालक ठरतो! टायर, काच आणि गाडीचा तळ यांचे नुकसान विम्यात धरले आहे की नाही हे सही करण्यापूर्वी वाचावे.

वारणाकाठ, इस्लामपूर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून आरोग्यापुरते लिहितो.

क्रुगर हा हिवतापाचा प्रदेश आहे. सप्टेंबर ते मे या काळात, त्यातही पावसाळ्यात, धोका अधिक असतो आणि जूनच्या कोरड्या थंडीत तो कमी होतो, पण संपत नाही. तेथील हिवतापावर क्लोरोक्विन उपयोगी पडत नाही. प्रतिबंधक गोळ्यांचे दुसरे पर्याय आहेत, परंतु कोणती गोळी कोणाला चालेल हे वय, इतर आजार आणि चालू औषधे पाहून आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. गोळ्या परत आल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात, आणि नेमके तेव्हाच लोक त्या सोडून देतात. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला तर आफ्रिकेत जाऊन आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी बाब पीतज्वराची (यलो फीव्हरची) आहे. दक्षिण आफ्रिकेत हा रोग नाही आणि भारतातून थेट जाणाऱ्याला लशीचा दाखला लागत नाही. मात्र अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणारी तिकिटे पुष्कळदा स्वस्त असतात, आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तेथील विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबा असेल, तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना दाखला मागितला जातो. परतीच्या वाटेवर अशा देशात विमानतळाबाहेर पडलात, तर भारतातही दाखल्याशिवाय विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते, दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो, आणि साठीनंतर प्रथमच ती घेताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या गटात ६६ वर्षांचे गृहस्थ असल्यामुळे चार पैसे जास्त देऊन आखाती शहरांमार्गे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हळदबाजार, सांगली

क्रुगरच का, असा प्रश्न विचारावासा वाटतो. नामिबियातील एतोशा उद्यानात ओकाउकुएयो कॅम्पच्या कुंपणालगतच प्रकाशझोत सोडलेला पाणवठा आहे. संध्याकाळी दार बंद झाल्यावरही बाकावर बसून गेंडे आणि हत्ती पाहता येतात. जूनमधील लांब रात्रींचा विचार केल्यास हा फायदा मोठा आहे.

अजिंक्यतारा, सातारा

एतोशाचा मुद्दा मोहात पाडणारा आहे, पण वेगळा व्हिसा आणि पुढचे आणखी एक विमान यांमुळे खर्चाचे गणित बिघडते, शिवाय तेथे सातारा नाही. कृष्णाकाठ यांनी सांगितलेला मार्ग गटाला दाखवला आणि पुंडा मारिया सर्वानुमते वगळले. विमान आखातामार्गे घेऊ. आता शेवटची शंका स्वयंपाकाची आहे. गॅसची शेगडी, भांडी, पीठ, मसाले यांतले इथून काय न्यावे?

मिरजेची सुगरण, मिरज

शेगडीचा गॅस विमानात नेता येत नाही, तो तेथेच घ्यावा. तंबूच्या सामानासोबत बहुधा शेगडीही भाड्याने मिळते. शिवाय क्रुगरच्या मोठ्या कॅम्पमध्ये तंबूवाल्यांसाठी सामायिक स्वयंपाकघर असते आणि त्यात विजेच्या शेगड्या, उकळते पाणी व भांडी घासण्याची जागा असते, त्यामुळे वाटते तेवढी तारांबळ उडत नाही. स्वच्छतागृहांत गरम पाणीही असते. तंबूच्या जागेवर वीज घ्यायची असल्यास निळ्या रंगाचा तीन खुंट्यांचा खास प्लग लागतो. तो सामानात आहे का ते विचारून घ्यावे. कॅम्पमधील खोलीत मात्र आपल्याकडील फ्रिज-गिझरचा जाड गोल खुंट्यांचा प्लग बसतो, म्हणून तसे टोक असलेली एक एक्स्टेन्शन दोरी घरूनच न्यावी.

इथून दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळे-भाज्या आणि बी-बियाणे नेऊ नयेत, त्यामुळे कंदी पेढ्यांचा विचार मनातून काढावा. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भडंग दुकानातील सीलबंद पाकिटांत न्यावे आणि उतरल्यावर विचारल्यास सरळ जाहीर करावे. डाळ, तांदूळ आणि कणीक जोहान्सबर्गच्या किंवा म्बोम्बेलाच्या मोठ्या दुकानांत सहज मिळते. मक्याचे पीठ तर तेथील रोजचे अन्न आहे. दळण कसे आहे ते पाहून घेतले तर त्याची भाकरी छान होते. प्रत्येक जागेवर निखाऱ्यावर भाजण्यासाठी लोखंडी जाळी असते आणि लाकूड व कोळसा कॅम्पच्या दुकानातच मिळतो. शाकाहारी मंडळींनी त्यावर वांगी आणि कणसे भाजावीत. मांसाहारी शेजारी वाटी घेऊन भरीत मागायला येतात.

जेवण झाल्यावर एकही भांडे किंवा पिशवी बाहेर ठेवू नये. दिवसा माकडे आणि बबून येतात, आणि सातारा कॅम्पमध्ये रात्री हनी बॅजर नावाचा जाडजूड, अत्यंत निडर प्राणी कचऱ्याचे डबे उलथवत फिरतो. तो तंबूच्या चेनला घाबरत नाही, म्हणून खाण्याचे सर्व सामान गाडीत कुलूपबंद ठेवावे. कुंपणाबाहेरच्या तरसांना काहीही टाकू नये, कितीही केविलवाणे पाहिले तरी.

संध्याकाळी साडेपाचला दार बंद होते आणि अंधार लगेच पडतो, त्यामुळे स्वयंपाकाला वेळ भरपूर असतो. ज्यांना चुलीपाशी बसायचे नाही, त्यांनी उद्यानाच्या मार्गदर्शकासोबत निघणारी सायंकाळची फेरी आधीच आरक्षित करावी. उघड्या गाडीत बोचरे वारे लागते, तेव्हा कानटोपी आणि जाड स्वेटर हातात ठेवावेत. उन्हाळी सुट्टी म्हणून बॅगेत नुसते सुती कपडे भरून निघू नये.