पहिलं बाळंतपण माहेरी: पुण्याहून लातूरला कसं न्यावं?

बायकोला ३० वा आठवडा चालू आहे. बाळंतपण लातूरला, तिच्या माहेरी. डॉक्टरांची प्रवासाला हरकत नाही, फक्त ३४ आठवड्यांच्या आत निघा म्हणाल्या. बीपी, शुगर, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. तिच्या बाळंतपणाच्या रजेची अडचण नाही. २६ पैकी ८ आठवडे आधी घेता येतात. गाडी घरचीच, पण टेंभुर्णीपुढे बार्शीमार्गे धक्के फार. रात्रीच्या रेल्वेत खालचा बर्थ हवा, तर वेटिंगच दिसतंय. डोहाळजेवण झालं की निघायचं, सासूबाई रोज फोनवर तारीख विचारतात!

तिकडच्या दवाखान्यात नाव आधीच घालावं लागतं, की फाइल घेऊन पोचल्यावर चालतं? आणि अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा, बार्शीमार्गेच जावं की सोलापूर-तुळजापूरवरून लांबून?