आजी नर्स होती, तिच्या कामाबद्दल लिहा

माझी आजी श्रावणात गेली. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागली, मेट्रन म्हणून निवृत्त झाली. आमच्याकडे चादर अंथरायची म्हणजे कोपरा तिरका दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा. सुरकुती दिसली की ती सगळी उपसून पुन्हा घालायला लावायची. "पडून असलेल्या माणसाची पाठ सुरकुतीपासूनच सोलायला लागते," म्हणायची.

तिच्या उमेदीच्या काळात सुया एकदा वापरून फेकत नसत. उकळायच्या, आतून बारीक तार फिरवायची, टोक बोथट झालं की दगडावर घासायचं. मग सुई कापसावरून ओढून बघायची. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा दगडावर. हे तिने मला करून दाखवलं होतं, तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि तरी सुई बरोबर लागली.

भेटायला आलेले सगळे "फार प्रेमळ होत्या हो" म्हणून गेले. होतीच ती प्रेमळ. पण तिचं काम कुणी बोललंच नाही, याचं मला वाईट वाटलं. तुमच्या घरात अशी आजी असेल, तर ती नेमकं काय करायची ते इथे लिहा.

*

माझी आजी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरून बाळंतपणं आणि लसीकरण बघणारी सरकारी नर्स. संगमेश्वर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तिची सगळी नोकरी गेली. वाड्या डोंगरात विखुरलेल्या, पावसाळ्यात साकव ओलांडून जायचं, कधी साकवच वाहून गेलेला. खांद्याला पिशवी, तीत साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा आणि पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची नळी.

बाळंतपणं तेव्हा घरीच, सुईणीच्या हातची. नाळ कापायला विळा, वर लावायला राख नाहीतर शेण. पाच-सहा दिवसांनी धडधाकट बाळ अचानक दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, आणि जायचं. घरचे म्हणायचे, बाहेरचं झालं. आजी म्हणायची, धनुर्वात आहे, तो विळ्यातून आला.

तिचं मोठेपण मला इथे दिसतं, की ती सुईणीशी भांडली नाही. "तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त हात धुवायचं तेवढं कळत नाही," असं ती सांगायची. ती सुईणीच्या ओटीवर जाऊन बसली, चहा घेतला, तिच्याकडून पोट चाचपायला शिकली आणि तिला ब्लेड उकळायला शिकवलं. मग बोलावणं आलं की दोघी बरोबर जायच्या. गरोदर बायांना धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आजीचं ऐकून कुणी आलं नसतं, सुईणीने सांगितलं म्हणून आल्या.

२०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. मी बातमी वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली आणि लगेच त्या सुईणीच्या सुनेला फोन लावला. सुईण तोवर गेली होती. "तिच्या घरी कळायला हवं," एवढंच म्हणाली.

*

वरचं वाचून राहवलं नाही. आमची आजी महाडच्या बाजूला आरोग्य केंद्रात होती. तिथला लाल विंचू चावला की पोर घामाने निथळायचं, हातपाय गार पडायचे, तोंडाला फेस यायचा. सलाईन लावून नुसतं बघत बसावं लागायचं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिनची गोळी त्यावर लागू पडते हे दाखवून दिलं, त्यानंतर पोरं वाचायला लागली. निवृत्त झाल्यावरसुद्धा गावात कुणाला विंचू चावला की आजी आधी हात लावून बघायची, हात गरम आहेत की गार. गार असले की, "गाडी काढा, मांत्रिक नको."

*

सोलापूर. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला आमच्या घरातली भांडी खाली आली. आजी सिव्हिलला होती, त्या दिवशी तिची सुट्टी. ती कुणाच्या निरोपाची वाट न बघता साडी नेसून निघाली. आईला म्हणाली, "कुठेतरी घरं पडलीत, पेशंट येणार."

किल्लारी, सास्तूरकडून ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची धाब्याची छतं, त्याखालून काढलेली. आजी सांगायची, जखम बघण्याआधी माती काढावी लागायची, नाकातली, कानातली, तोंडातली. ओल्या गॉजने एकेकाचं तोंड पुसायचं, मग विचारायचं, नाव काय. उत्तर आलं की ते हातावर चिकटपट्टी लावून लिहायचं. लहान मुलांना आपलं नाव सांगता येई, गावाचं सांगता येत नसे. अशा एका मुलीला ती रात्रभर घेऊन बसली होती. चौथ्या दिवशी मामा आला.

त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आजीने आम्हाला आकडा कधी सांगितला नाही, त्या मुलीबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलायची.

*

माझी आजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातली. अरुणा शानबागची काळजी घेणाऱ्या कितीतरी सिस्टरांपैकी एक. अरुणा तिथल्याच नर्स; १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून त्या गेल्या त्या १८ मे २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, एका बॅचने पुढच्या बॅचकडे त्यांना सोपवलं. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं. त्यांना मासे आवडायचे, ते आजीला पक्कं ठाऊक. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीवर जखम होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्याने घरात कुणाचं केलंय त्यालाच समजेल.

२०११ मध्ये अरुणांच्या दयामरणाच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हा आजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसभर टीव्हीसमोरून हलली नाही. दयामरणाबद्दल माझं मत तिच्याहून वेगळं होतं, आजही आहे. पण "आमची अरुणा" हे दोन शब्द ती ज्या हक्काने म्हणायची, त्या हक्कापुढे मी वाद घातला नाही.

*

माझी पणजी बालविधवा. पुण्याच्या सेवासदनमार्फत ससूनमध्ये नर्सिंग शिकली. कुणाच्याही जातीच्या माणसाचं रक्त-घाण काढते म्हणून भावाने वर्षानुवर्षं पंक्तीला घेतलं नाही. त्याच भावाच्या तीन मुलांचं शिक्षण तिच्या पगारावर झालं. आमच्या घरात तिचा फोटो देवांच्या शेजारी आहे, तो माझ्या आजीने हट्टाने लावला.

*

माझी आजी अजून आहे, म्हणून लिहिते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते. आता ते मोबाइलवर होतं, सांगून पाहिलं, ऐकत नाही. पर्समध्ये बीपीचं मशीन असतं. पेन्शनवाल्यांच्या रांगेत बाकावर बसून एकेकाचं बीपी बघते, वहीत लिहिते, मागच्या वर्षीचा आकडा शेजारी काढून दाखवते. गेल्या खेपेला एका काकांचं वरचं २१० निघालं. दाखला राहू दे म्हणाली आणि त्यांना तशीच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.