मदत हवी आहे: जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांमुळे उत्पादन वाढतं की फक्त नुकसान टळतं?

नमस्कार मंडळी,

2050 पर्यंत जगाची लोकसंख्या 970 कोटींच्या घरात जाईल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. जीएम पिकांशिवाय एवढ्या तोंडांना अन्न पुरणार नाही, असं हमखास ऐकायला मिळतं. मला हे जसंच्या तसं पटत नाही. 1996 पासून मोठ्या प्रमाणावर लागवड होतेय, पण बहुतेक वाणांत गुण दोनच: तणनाशक सहन करणं आणि कीड रोखणं. बीटी मकाच (जिवाणूचं जनुक घालून कीडरोधक केलेला मका) घ्या. अळीने पान कुरतडलं की त्यातलं प्रथिन तिच्या आतड्याला भोकं पाडतं आणि ती मरते. कणीस वाचतं हे खरं, पण कणसातले दाणे काही वाढत नाहीत ना! शिवाय जीएम मका-सोयाबीनचा मोठा वाटा पशुखाद्यात आणि इंधनात जातो.

तरी सरसकट विरोध करायला मन धजत नाही. हवाईतली पपई रिंगस्पॉट विषाणूने संपत आली होती, ती 1998 मध्ये आलेल्या जीएम वाणानेच तगली.

जाणकारांनी कृपया सांगावं: मुळात उत्पादनक्षमताच वाढवणारं एखादं जीएम पीक शेतात पोचलंय का? आणि अर्जेंटिनाने 2020 मध्ये मंजूर केलेल्या दुष्काळ सोसणाऱ्या गव्हाचे प्रत्यक्ष उताऱ्याचे आकडे कुणी बारकाईने पाहिलेत का?