मदत हवी आहे: ४४एडी खाली इन्कम टॅक्स रिटर्न, आता स्क्रुटिनी (सखोल तपासणी)

वडिलांच्या किराणा दुकानाचं आकारणी वर्ष २०२४-२५ चं रिटर्न स्क्रुटिनीला लागलंय. आधी १४३(२) ची, म्हणजे तपासणी सुरू झाल्याची नोटीस, आता १४२(१) ची, म्हणजे माहिती मागणारी प्रश्नावली. मुद्दा एकच, बचत खात्यातला रोख भरणा. रिटर्न ४४एडी खाली (छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफा धरायची सोय), विक्रीच्या ८ टक्के नफा दाखवून मुदतीत भरलंय, म्हणून रोजकीर्द-खतावणी ठेवलेली नाही. भरणा म्हणजे रोजचा गल्ला. एकूण रक्कम दाखवलेल्या विक्रीच्या आतच आहे. नोटीस खरी आहे, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर डीआयएन (नोटिशीचा ओळख क्रमांक) तपासला. तिथल्याच ई-प्रोसीडिंग्जमधून मुदतवाढही मिळाली. बँकेचे उतारे आणि घाऊक खरेदीची बिलं जमवलीत, पण त्यातली काही कच्ची आहेत, धास्ती त्याचीच. जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल ४० लाखांच्या आत.

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी सांगा: महिनावार विक्री आणि भरण्याचा तक्ता दिला तर चालतं, की कॅशबुक मागतातच? आणि कच्ची बिलं जोडावीत का?