पॅलिएटिव्हचं प्रशिक्षण: सिस्टरना काय हवंय ते विचारायचं कसं?

आरोग्य सहाय्यिका, सातारा जिल्हा
तालुक्यातल्या नर्सेसना पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीचं) कोणतं प्रशिक्षण लागेल, याची यादी काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मासिक मीटिंगला कागद वाटला: 'कोणत्या विषयाचे प्रशिक्षण हवे?' बावीस कागद परत आले. सोळांवर 'सर्व'. दोघींनी टीए (प्रवासभत्ता) मिळेल का विचारलं (त्यांचं काही चुकलं नाही).

त्याच आठवड्यात एका सिस्टरसोबत गृहभेटीला गेले. तिनं कागदावर लिहिलेलं, 'ड्रेसिंग येते'. येतंच, हात हलका आहे तिचा. आजोबांच्या गालाची गाठ फुटलेली, वास असा की नातवंडं ओसरीवरूनच परत फिरायची. मेट्रोनिडॅझॉलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरली की वास कमी होतो, हे तिला ठाऊक नव्हतं. गोळ्या तिच्याच उपकेंद्राच्या कपाटात. निघताना सून दारात कुजबुजली, "बाबांसमोर कॅन्सर म्हणू नका हां." सिस्टर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. आणि खरं सांगते, मी तिच्या.

हे कागदावर कसं पकडायचं?

स्टाफ नर्स, जिल्हा रुग्णालय
ताई, 'काय हवं' विचारलंत की 'सर्व'च येणार. प्रत्येक कामापुढे दोन रकाने करा: हे काम माझ्यासाठी किती महत्त्वाचं, आणि मला किती जमतं. प्रशिक्षणाची गरज मोजणारी हेनेसी-हिक्स प्रश्नावली अशीच आहे, 1 ते 7 गुण. दोन आकड्यांत जिथे दरी मोठी, तिथे प्रशिक्षण.

पण 'जमतं' हे आपणच आपल्याला दिलेले मार्क. म्हणून सोबत चूक-बरोबर विधानं द्या, आणि 'माहीत नाही' हा पर्याय ठेवाच, नाहीतर अंदाजपंचे टिक होते. आमच्याकडे हमखास चुकणारं विधान: 'मॉर्फीनमुळे (तीव्र वेदनांवरचं औषध) होणारी बद्धकोष्ठता काही दिवसांत आपोआप जाते.' गुंगी, मळमळ बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं.

सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), मराठवाडा
सगळ्याला प्रशिक्षण हे उत्तर नसतं, मॅडम. 2018 पासून आरोग्यवर्धिनी केंद्राच्या (आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर) 12 सेवांत पॅलिएटिव्ह आहे. कागदावर. पेशंट कळवळतोय आणि माझ्याकडे पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक. अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात 2014 ला दुरुस्ती झाल्यावर मॉर्फीन ठेवायचे नियम सोपे झाले, तरी ते मान्यताप्राप्त संस्थेतच मिळतं. मला डोस पाठ करून घेण्याआधी जवळची अशी संस्था कुठली, तेवढं सांगा. तुमच्या तक्त्यात तिसरा रकाना घाला: 'येतं, पण साहित्य नाही.' माझा तोच भरेल.

निवृत्त सिस्टर
रकाने राहू द्या जरा. फोन करून एकच विचारा: तुमचा शेवटचा असा पेशंट आठवा, कुठे अडलात?

आरोग्य सहाय्यिका, सातारा जिल्हा
केले चार फोन. चौघींपैकी तिघी सलाईनवरच बोलल्या. माणूस शेवटच्या दिवसांत, तोंडानं काही जात नाही, घरचे हात जोडतात, "सिस्टर, एक बाटली तरी लावा, उपाशी जातोय." ती लावते. मग पाय सुजतात, छातीत घरघर वाढते. एक जण म्हणाली, "नाही लावली असती तर गावानं वर्षभर ऐकवलं असतं." माझ्या कागदावर सलाईन हा शब्दच नव्हता!

आता कच्चा तक्ता: दोन रकाने, सीएचओंचा तिसरा, खाली निवृत्त सिस्टरांचा प्रश्न. गुरुवारी आजोबांकडे परत जातेय, कुटलेल्या गोळ्या घेऊन. सुनेशी कुठून सुरुवात करू?

निवृत्त सिस्टर
तिला लगेच 'सांगायलाच हवं' म्हणू नका. आधी विचारा, 'कळलं तर काय होईल असं वाटतं?' बोलू द्या तिला. मग तिची परवानगी घेऊन आजोबांजवळ बसा, 'डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. ते गप्प राहणं मला जमायला दोन वर्षं लागली.