कॉम्प्युटरवरची गाणी हॉलमधल्या स्टिरिओवर, तारेशिवाय: कोणी केलंय का?

कोमलऋषभ
बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी पेट्यांचे स्पीकर हॉलमध्ये आहेत. अजून ठणठणीत. सीडी प्लेअरचा ट्रे मात्र एकदा आत गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. म्हणून मी चारशेच्या वर सीड्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार). कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधे दोन भिंती आणि एक दार. तार टाकायची नाही. मागे टाकली होती, तिच्यात पाय अडकून आई पडता पडता वाचली. तेव्हापासून तो विषय बंद.

ब्लूटूथ रिसीव्हर आणून अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला जोडला. पहिल्या दिवशी इतका जाड आणि फाटका आवाज आला की वाटलं, स्पीकर गेले. मग लक्षात आलं की मी पिन फोनोच्या भोकात खुपसली होती. ऑक्समध्ये (बाहेरच्या यंत्राचा आवाज घ्यायच्या साध्या भोकात) घातल्यावर आवाज सुधारला, पण सुख नाही. दार लावलं की गाणं तुटतं. मायक्रोवेव्ह सुरू केला की तुटतं. गाणं थांबवलं तरी मागे घुंऽऽ चालूच, तानपुरा लावल्यासारखं, पण बेसूर. आणि सगळ्यात संताप येतो तो आलाप ऐन रंगात आलेला असताना मेलची टिंग हॉलभर घुमते तेव्हा!

यातलं काय सुधारता येईल? मी यातली तज्ज्ञ नाही, पण स्क्रूड्रायव्हरला घाबरत नाही.

खर्ज
फोनोचं आधी. ते भोक तबकडीच्या पिकअपसाठी असतं. तिथून येणारा सिग्नल अगदी क्षीण, म्हणून आत तो साधारण शंभरपट मोठा करतात, शिवाय खालचे, खर्जातले सूर उचलतात आणि वरचे, तार सप्तकातले दाबतात. तुमचा रिसीव्हर आधीच पुरेसा जोरात बोलतो, त्यामुळे फाटणारच. ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेपचं इनपुट, यांपैकी काहीही चालेल.

आता घुंऽऽ. रिसीव्हरला वीज कुठून दिली आहे?

कोमलऋषभ
टीव्हीच्या यूएसबीतून. जवळच होता. टीव्हीचा आवाजही याच अ‍ॅम्प्लिफायरवर घेतलाय, टेपच्या भोकात.

खर्ज
सापडलं. टीव्हीचा ग्राउंड (सिग्नलची परतीची वाट) आता अ‍ॅम्प्लिफायरला दोन वाटांनी पोचतोय: एक ऑडिओ केबलमधून, दुसरी यूएसबीतून रिसीव्हरमध्ये आणि तिथून ऑक्समध्ये. वेटोळं पूर्ण झालं की विजेच्या लाइनची गुणगुण त्यात शिरते. खात्री करायची तर रिसीव्हर पाच मिनिटं पॉवर बँकेवर चालवून बघा. शांत झालं तर पुढे त्याला स्वतंत्र चार्जर द्या.

कोमलऋषभ
पॉवर बँक लावली आणि घुंऽऽ गायब! इतके दिवस मी अ‍ॅम्प्लिफायरच्या म्हातारपणाला दोष देत होते.

विलंबित
कोमलऋषभताई, तुटण्याचं आणि टिंगचं मूळ एकच आहे: कॉम्प्युटर गाणं ढकलतोय आणि स्टिरिओ नुसता झेलतोय.

ब्लूटूथमध्ये कॉम्प्युटरचा अख्खा आवाज जातो, म्हणून मेलही गाण्यात शिरते. ही लहर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच आणि बरंचसं वायफायही तिथेच. त्यात रिसीव्हरकडे साठा अगदी थोडा, सेकंदाच्या अंशाइतका. नळाखाली थेट पेला धरल्यासारखं. पाणी क्षणभर गेलं की तुम्हाला कळलंच. वायफायवर वाजवणारा प्लेअर म्हणजे गच्चीवरची टाकी. तो काही सेकंदांचं गाणं आधीच भरून ठेवतो, मधे दोन सेकंद काही आलं नाही तरी वाजवत राहतो.

दर्जाबद्दल लोक फार भांडतात, म्हणून आकडे देतो. सीडी म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथचा सगळीकडे चालणारा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) चांगल्या सेटिंगवर सुमारे ३२८. फरक आहे, पण तुमचा त्रास तो नाही. तुमचा त्रास भिंती आहेत.

मी काय केलं ते सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरजवळ एक रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा कॉम्प्युटर) ठेवला, त्यावर डॅकचं (डिजिटल गाण्याचा ऑडिओ सिग्नल करणारं) छोटं बोर्ड बसवलं, त्यातून दोन आरसीए पिना थेट ऑक्सला. गाणी कॉम्प्युटरवरच, एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. पाय ती वायफायवरून स्वतः उचलतो आणि वाजवतो. फोन फक्त रिमोट. पायच्या हेडफोनच्या भोकावर विसंबू नका, पाय ५ ला तर ते नाहीच. आणि राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा हॉलपर्यंत पोचत असेल तर तोच वापरा, म्हणजे मायक्रोवेव्हशी संबंधच संपला.

एक तोटा: कॉम्प्युटरवर सिनेमा बघताना त्याचा आवाज हॉलमधून हवा असेल तर ही सोय उपयोगाची नाही.

तारच_बरी
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून पट्टीत घालून दहा मीटर तार न्या. ३.५ मिलिमीटर ते आरसीए. ना पासवर्ड, ना अपडेट. माझी कित्येक वर्षं आहे तिथेच आहे.

कोमलऋषभ
पटतं हो. पण आईसमोर तारेचं नाव कोण काढणार?

कोमलऋषभ
तीन आठवड्यांनी परत आले.

पाय बसवला. बोर्ड बसवायला दहा मिनिटं, शेअर केलेल्या फोल्डरचा पासवर्ड त्याला पटवायला दोन संध्याकाळी. (पासवर्डमध्ये एक मोकळी जागा होती. ती काढली. इतकंच.)

आधी डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवरून एका यंत्रातली गाणी दुसऱ्यावर वाजवायची पद्धत) वाजवून बघितलं. दार बंद, मायक्रोवेव्ह चालू, तरी तुटलं नाही. पण सीडीवर विलंबित एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत पुढच्या ट्रॅकमध्ये असते ना, तिथे नेमका सेकंदभर गचका. तबलजी समेवर येतोय आणि मधेच शांतता! सीडीवर तिथे सलग होतं, हे मला पाठ आहे.

विलंबित
तो फाइलचा दोष नाही. फ्लॅकमध्ये ट्रॅकच्या कडेला काही भर पडत नाही. तुमच्या फोनवरचं अ‍ॅप एक ट्रॅक संपल्यावर पुढचा सांगतंय, तेवढ्यात वेळ जातो. पायवरच एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम चालवा. त्याच्याकडे सगळी यादी आधीच असते, तो जोड दिसू देत नाही. आणि आवाज कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करा, एमपीडीचा पूर्ण ठेवा.

कोमलऋषभ
एमपीडी लावला. जोड गेला. काल रात्री दोन तास सलग ऐकलं, आईही येऊन बसली. मेल आली तर टिंग आता आतल्या रिकाम्या खोलीत वाजते.

तारच_बरी
पण पायपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत शेवटी तारच आहे ना? :)

कोमलऋषभ
हो. वीतभर. कपाटामागे. आईला दाखवून घेतली आहे.