नळाची वाट पाहणारं एखादं पात्र आहे का हो कुठे?

शिलाईवाली_पाचोरा
मंडळी, प्रश्न वेडगळ वाटेल, पण उन्हाळाभर डोक्यात आहे. आमच्या गल्लीत सध्या नळ येतात पाचव्या-सहाव्या दिवशी. परवा आले रात्री पावणेदोनला. व्हॉल्व्हमनला फोन केला तर "ताई, आता सोडतो." त्याचं ते 'आता' साडेअकराला सुरू झालं होतं. घरातले सगळे गच्चीवर ढाराढूर, मी खाली ओट्यावर. पुढ्यात टिपाड, चार हंडे, दोन कळशा. हातात वाचनालयाची कादंबरी, कारण दिवसभर लग्नसराईचे ब्लाउज असतात. वाचायला मिळते ती हीच वेळ.

कादंबरीतली बाई खिडकीत उभी राहून त्याच्या पत्राची वाट बघत होती. बारा पानं! मला असा राग आला म्हणून सांगू. अगं बाई, तुझ्या घरी पाणी कोण भरतं? आपल्या कथा-कादंबऱ्यांत माणसं माणसांची वाट पाहतात, पावसाची पाहतात, मरणाचीही पाहतात. नळाची कुणी पाहत नाही. आणि शेजारचा नळाला मोटार लावून सगळ्या गल्लीचं पाणी ओढतो तेव्हा तोंडाशी जी शिवी येते, ती मी एकाही पात्राच्या तोंडी वाचलेली नाही.

तर सांगा, रात्री दोनला माझ्या शेजारी ओट्यावर बसवावं असं कोण? रडणारं नको. घरी तेवढं पुरे आहे.

अपडाऊनवाला
ताई, धोंडो भिकाजी जोशी. 'असा मी असामी'तला. मी रोज अमळनेर-जळगाव अपडाऊन करतो. मालगाडी पुढे काढायला आमची गाडी बाजूला उभी करतात, मेमध्ये डबा तापून तवा होतो, आणि मला हटकून हा गिरगावचा कारकून आठवतो. त्या नानू सरंजामेने ओढलं की हा निघाला! नको म्हणणं त्याच्या रक्तातच नाही. मला ते फार जवळचं वाटतं. मीसुद्धा पंधरा वर्षं "उद्यापासून बसने जातो" म्हणतोय.

शिलाईवाली_पाचोरा
भाऊ, माणूस गोड आहे, कबूल. पण त्यांच्या घरचं पाणी त्यांच्या बायकोने भरलं असणार. तिला पाठवा, सोबत होईल.

मास्तर_निवृत्त
श्याम कसा वाटतो? आंघोळ झाल्यावर ओले पाय मळू नयेत म्हणून आईने पदर पसरावा असा हट्ट धरतो तो. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, त्यामुळे गोष्टी कोकणातल्या असल्या तरी श्यामला आम्ही घरचाच समजतो.

शिलाईवाली_पाचोरा
सर, नमस्कार. श्याम गुणी आहे, पण रडतो फार. शिवाय आमच्याकडे पाचव्या दिवशी आंघोळीच्या पाण्यातच पाय धुवायचे, तेच पाणी बादलीत धरून फरशी पुसायची. तिथे पदर कुठे पसरू?

पुणेकर_सध्या
पण पाचोऱ्याला गिरणा नदी जवळ आहे ना? मग पाच दिवसांआड कसं काय?

शिलाईवाली_पाचोरा
दादा, नदी आहे, पाणी नाही. धरण वर नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. तिथून आवर्तन सुटलं की पाणी कोरड्या पात्रातून येतं. आधी वाळू पिते, मग वाटेतल्या मोटारी, उरलेलं आम्ही. आवर्तन संपत आलं की दिवस वाढत जातात.

पांझराकाठ_साक्री
ताई, तुम्ही चुकीच्या कपाटात शोधताय. पाण्याची वाट बघणारे पुस्तकात नाहीत, आमच्याकडे फडावर होते. पांझरा नदीवर बंधारे, बंधाऱ्याचा पाट, पाटावर फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी, जागल्या, बारेकरी अशी माणसं नेमलेली. माझे आजोबा बारेकरी. रात्र रात्र कंदील घेऊन बांधावर, कुणाच्या वावरात पाणी आधी, कुणाच्या नंतर, सगळं तोंडपाठ. आजी विचारायची, कधी येणार घरी? ते म्हणायचे, "पानी काय सांगीसन येस का?" मोटार लावून चोरणारे तेव्हाही होते, फक्त त्यांच्या हातात फावडं होतं. आजोबांवर कुणी कादंबरी लिहिली नाही. मी दोनदा सुरू केली. दोन्ही वेळा पहिल्या पानावर ते कंदिलाची काच पुसतात, त्यापुढे हलतच नाहीत.

शिलाईवाली_पाचोरा
यांना बसवते ओट्यावर. भाऊ, लिहा हो. काच पुसून झाली की शेजारणीशी भांडायला लावा, आपोआप हलतील.

केळीवाला_रावेर
आमचंही तेच, फक्त नळाऐवजी लाइट. शेतीला एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीत विहिरीवर खाट टाकून पडायचं. मी मोबाइलवर कादंबरी ऐकतो. माझं मत 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरला. एक तर आपल्या भागातला. नेमाडे सांगवीचेच, यावल तालुक्यातले. आणि पुण्याला जाऊन होस्टेलच्या मेसच्या हिशोबात त्याने जे हाल करून घेतले, ते वाचून मला माझं ठिबकचं कर्ज आठवलं. तो रडत नाही ताई, 'वगैरे' म्हणतो. मीही तसंच करतो आता. बाराला लाइट आली वगैरे, मोटार सुरू केली वगैरे, डीपीचा फ्यूज गेला वगैरे. निम्मा राग तिथेच उतरतो. फक्त धाकट्या बहिणीचं, मनीचं प्रकरण आलं की पुस्तक मिटा. ते रात्री एकटीने वाचायचं नाही.

शिलाईवाली_पाचोरा
वाचलंय. कॉलेजात असताना. मिटलं नव्हतं.

आत्याबाई_भुसावळ
मला कादंबऱ्यांतलं कळत नाही, पण पात्र विचारलंस म्हणून सांगते. स्टीलची ताटली. नळ उघडा ठेवायचा, खाली ताटली पालथी. पहिला थेंब पडला की अशी वाजते की मेलेला उठेल. तीस वर्षं मी अशीच झोपते. ओट्यावर कशाला बसतेस डास खात?

शिलाईवाली_पाचोरा
आत्या, काल ताटली ठेवली. रात्री तीनदा वाजली, तीनदा जिना उतरून आले. पहिल्यांदा मांजर. दुसऱ्यांदा नळातून नुसती हवा. तिसऱ्यांदा शेजारचा भिंतीवरून वाकून काठीने ताटली बाजूला सरकवत होता. म्हणे, "वहिनी, आवाजाने झोप लागत नाही." त्याची मोटार आधीच जोडून ठेवलेली होती.

केळीवाले भाऊ, मी त्याला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही. वगैरे.